मराठी टंकलेखनाचा प्रोग्राम डेबियनमध्ये घालायचाय, परवान्यांवर गाडी अडली आहे

कराडकर_कळफलक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्या ताईचा टंकलेखनाचा क्लास आहे. मशीनं जुनी, त्यामुळे सगळीकडे डेबियन (विंडोजऐवजी चालणारी फुकट, मुक्त लिनक्स प्रणाली) टाकलंय. मुलांच्या सरावासाठी मी पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहिला. इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन दोन्ही कळफलक चालतात. कोणत्या जोडाक्षरावर बोट अडखळतं ते टिपून ठेवतो आणि पुढच्या उताऱ्यात तीच जोडाक्षरं पुन्हा आणतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' ला बहुतेक सगळे अडखळतात, पण खरा छळ 'ऱ्या' चा असतो.

आता आसपासच्या क्लासवाल्यांनाही तो हवाय. दर वेळी पेन ड्राइव्ह घेऊन कोण हिंडणार? म्हणून रीतसर डेबियनमध्येच जावा असं डोक्यात आलं. डेब फाइल (डेबियनवर प्रोग्राम बसवायचं पॅकेज) तयार झाली, माझ्याकडे चालतेही. पण एका ओळखीच्या माणसाला दाखवली तर त्याने एकच प्रश्न विचारला, "यातल्या प्रत्येक फाइलचा परवाना काय?" आणि मी गप्प.

आत काय काय आहे ते सांगतो. कोड माझा. जोडाक्षरं सुटी करणारी एक फाइल दुसऱ्या प्रकल्पातून घेतली, तिच्या डोक्यावर 'जीपीएल, आवृत्ती २' लिहिलंय. एक लायब्ररी अपाची २.० ची (दोन्ही मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने). एक फॉन्ट सोबत जोडलाय. कळ दाबल्यावर येणारे टकटक आवाज नेटवरून घेतले. कळफलकाचं चित्र कुठल्याशा संकेतस्थळावरचं. आणि सरावाचे उतारे मराठी पुस्तकांतले.

यातलं काय चालेल, काय नाही?

रूट_आजोबा

आधी अभिनंदन. आता एकेक सोडवू.

डेबियनमधली पॅकेजं कप्प्यांत ठेवलेली असतात, त्यांत 'मेन' हाच खरा डेबियन. 'कॉन्ट्रिब' आणि 'नॉन-फ्री' त्याच सर्व्हरवर असतात, पण अधिकृतपणे ते डेबियनचे भाग नव्हेत. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून फर्मवेअरसाठी (यंत्राच्या सुट्या भागांना चालवणारं सॉफ्टवेअर) 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा चौथा कप्पा झाला. मेनमध्ये बसायचं तर १९९७ साली ठरलेली दहा कलमी मार्गदर्शक तत्त्वं पाळावी लागतात, आणि ती फक्त कोडला नाहीत. पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलला ती लागू आहेत. आवाज, चित्र, फॉन्ट, उतारा, सगळ्याला.

तुमच्या यादीतलं कळफलकाचं चित्र आजच काढून टाका. परवाना लिहिलेला नाही याचा अर्थ 'सर्व हक्क राखीव' असाच होतो. इंकस्केप हा चित्रं काढायचा प्रोग्राम उघडून चौकोन काढा आणि त्यांत अक्षरं घाला, तासाभराचं काम आहे.

आवाज कोणत्या परवान्याचे आहेत?

कराडकर_कळफलक

आजोबा, आवाजांवर 'सीसी बाय-एनसी' हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिहिलाय. म्हणजे नाव द्या आणि वापरा, व्यापारी वापर मात्र नको. मी तर एक पैसाही घेत नाही, मग हरकत काय?

रोखठोक_राव

हे सगळं कशासाठी पण? टकटक आवाजासाठी कोण कोर्टात जाणार आहे? गिटहबवर डेब फाइल टाका, क्लासवाल्यांना लिंक द्या, विषय संपला. आपल्याकडे पायरेटेड विंडोजवर सरकारी अर्ज भरले जातात आणि इथे कळेच्या आवाजाचा परवाना शोधतायत.

म्युनिकची_मावशी

रावसाहेब, गिटहबवर टाकायला कोणी अडवलेलं नाही. पण डेबियनमध्ये गेलं की ती फाइल जगभरच्या मिररवर, म्हणजे डेबियनच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवर, जाते. विद्यापीठं, इंटरनेट कंपन्या, कुणीकुणी ते मिरर फुकट चालवतात. डीव्हीडी विकणारे विकतात. उबुंटू आणि बाकीची डझनावारी वितरणं तिथूनच माल उचलतात. त्यांतला कोणीही आत डोकावून बघत नाही, कारण डेबियनने बघितलंय हा भरवसा असतो. परवाना तपासायचा तो त्यांच्यासाठी. कोर्टाची भीती हे कारण दुय्यम आहे.

कराडकर, तुमच्या 'पैसे घेत नाही' बद्दल. तुम्ही घेत नसाल, पण ताईंच्या क्लासला फी असते ना? मग 'एनसी' ची अट मोडण्याचा प्रश्न तुमच्या घरातच उभा आहे. तत्त्वांतलं सहावं कलम नेमकं हेच सांगतं, की कोणत्या कामासाठी वापरायचं यावर बंधन नको. 'फक्त शैक्षणिक वापरासाठी' ही अटही तिथेच बाद होते, कितीही सात्त्विक वाटली तरी.

जेसॉन या माहिती साठवायच्या पद्धतीच्या मूळ लायब्ररीच्या परवान्यात एक ओळ होती, हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नव्हे. लिहिणाऱ्याने काहीशा गमतीत घातलेली. पण वाईट कशाला म्हणायचं हे ठरवणार कोण? डेबियनने तो परवाना मुक्त मानला नाही, आणि पीएचपीमधला त्यावर बेतलेला भाग काढून दुसऱ्या लायब्ररीवरचा घातला.

सीसी-शून्य परवान्याचे (कर्त्याने सगळे हक्क सोडलेले) आवाज मुबलक मिळतात. किंवा ताईंच्या क्लासमधल्या जुन्या टाइपरायटरचा आवाज मोबाइलवर टिपा. तो तुमचाच.

कराडकर_कळफलक

टाइपरायटरची कल्पना झकास! एक गोदरेजचं मशीन अजून चालू आहे.

फॉन्टचं सांगतो. तो ओएफएल (ओपन फॉन्ट लायसन्स) परवान्याचा आहे, म्हणजे मुक्तच. त्यात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते, मुलांना ते परके वाटायचे. मी फॉन्टफोर्ज या फॉन्ट बदलायच्या प्रोग्राममध्ये उघडून दोन्ही मराठी वळणाचे केले आणि टीटीएफ फाइल सोबत ठेवली. बाकी नाव-गाव तेच.

अक्षरवेडा

थांबा थांबा. 'नाव तेच' इथेच ग्यानबाची मेख आहे.

ओएफएल फॉन्ट बदलायला पूर्ण मुभा देतो. पण मूळ कर्त्याने फॉन्टचं नाव 'राखीव' म्हणून जाहीर केलं असेल, तर बदललेल्या फॉन्टला ते नाव लावता येत नाही. तुमच्या फॉन्टसोबतच्या परवान्याच्या पहिल्याच ओळीत, कॉपीराइटच्या सालानंतर 'रिझर्व्हड फॉन्ट नेम' असं आहे का बघा. असेल तर नाव बदला, आणि फाइलचं नाव बदलून भागणार नाही. फॉन्टच्या पोटातलं, मेन्यूत दिसतं ते नाव बदलावं लागेल.

पण मुळात हे करायची गरजच नसावी. चांगल्या देवनागरी फॉन्टात 'एलओसीएल' नावाची सोय असते. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की फॉन्ट स्वतःहून पाकळीदार 'ल' आणि आपला 'श' पुढे करतो. तुमच्या प्रोग्राममध्ये मजकूर दाखवताना भाषा 'एमआर' अशी द्या आणि बघा काय दिसतं. बऱ्याच प्रोग्रामांत भाषा दिलेलीच नसते, म्हणून हिंदी वळण दिसतं आणि फॉन्टला शिव्या बसतात.

आणि फॉन्ट पॅकेजमध्ये कोंबूच नका. लोहित हा देवनागरी फॉन्ट डेबियनमध्ये आहे, त्यावर अवलंबून असल्याचं पॅकेजच्या कंट्रोल फाइलमध्ये लिहा, झालं. एकच फॉन्ट दहा पॅकेजांत दहा वेळा नको, हा डेबियनचा जुना शिरस्ता आहे. छापील पुस्तकासारखं वळण हवं असेल तर आयआयटी मुंबईचा शोभिका बघा, तोही ओएफएल.

अवांतर: स्वतःचा बदललेला फॉन्टच घालायचा असेल तर नुसती टीटीएफ चालेलच असं नाही. ज्या फाइलवर तुम्ही प्रत्यक्ष काम केलंत ती द्यावी लागते आणि टीटीएफ तिच्यापासून पॅकेज बांधताना तयार व्हावी लागते.

कराडकर_कळफलक

भाषा 'एमआर' दिली. दोन्ही अक्षरं मराठी वळणाची आली!! एवढ्यासाठी फॉन्टफोर्जशी झटापट करत बसलो होतो.

आता उतारे. ताईने निवडलेत. पु. ल., खांडेकर, साने गुरुजी, हरिभाऊ आपटे, आगरकर, तुकारामांचे अभंग. प्रत्येकी दहा-बारा ओळी. एवढ्याशा ओळी चालतात ना?

काळा_कोट

वकिली करतो, पण हा सल्ला फुकटचा आहे, त्याच मानाने घ्यावा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'इतक्या ओळी चालतात' असा आकडा नाही. शिकवण्यासाठी, परीक्षणासाठी काही सवलती आहेत, पण त्या वापरणाऱ्याला आणि त्या वापरापुरत्या. सवलतीवर तुम्ही पुढच्या माणसाला परवाना देऊ शकत नाही. डेबियनला तर असा परवाना हवा, की कोणीही उतारा बदलेल, विकेल, दुसऱ्या प्रोग्राममध्ये घालेल. तो हक्क तुमच्याकडे नसेल तर तुम्ही देणार कुठून?

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. पु. ल. गेले २०००, म्हणजे २०६० अखेरपर्यंत हात लावू नका. खांडेकर १९७६, म्हणजे २०३६ अखेर. साने गुरुजी १९५०, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं. हरिभाऊ १९१९ आणि आगरकर १८९५, त्यांचा प्रश्नच नाही. तुकोबांचाही नाही, फक्त आधुनिक संपादकाची प्रस्तावना आणि टीपा उचलू नका, त्यांचा हक्क वेगळा असतो.

म्युनिकची_मावशी

काळा कोट यांच्याशी भारतापुरती पूर्ण सहमत. पण साने गुरुजींपाशी जरा अडायला होतं.

डेबियनचे मिरर अमेरिकेतही आहेत. परदेशी लेखनाचा हक्क १ जानेवारी १९९६ रोजी मायदेशात जिवंत होता, तर अमेरिकेने तो आपल्याकडेही जिवंत केला, आणि तिथे त्या काळातल्या पुस्तकांचा हिशोब मृत्यूवर चालत नाही, प्रकाशनापासून ९५ वर्षं चालतो. आपल्याकडे मुदत आधी ५० वर्षं होती. रवींद्रनाथांचे हक्क १९९१ अखेर संपायला आले तेव्हा ती ६० केली गेली. गुरुजींचे हक्क तर ५० वर्षांच्या हिशोबानेही १९९६ साली भारतात जिवंत होते. १९३५ साली छापलेलं काही असेल तर अमेरिकेत ते २०३० अखेरपर्यंत अडकलेलं.

ज्यांचं निधन १९४० पर्यंत झालं, त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनाला ही भानगड नाही. हरिभाऊ, आगरकर, केशवसुत, जोतीराव फुले निर्धास्त घ्या.

रोखठोक_राव

म्हणजे कराडच्या पोरांनी साने गुरुजी टाइप करायचे की नाही हे अमेरिका ठरवणार. वा.

म्युनिकची_मावशी

कराडच्या पोरांनी खुशाल करावेत, ताईंनी उतारा स्वतःच्या मशीनवर घालावा. प्रोग्रामला बाहेरून उतारे घेण्याची सोय ठेवा, म्हणजे भांडणच मिटलं. फक्त पॅकेजमधून तो जगभर वाटायचा नाही.

काळा_कोट

मावशींचा मुद्दा बिनतोड.

कराडकर, ताईंनाच उतारे लिहायला सांगा ना. जुन्या काळच्या भाषेपेक्षा रोजच्या वापरातलं मराठी, अर्ज, पत्रं, बातमीसारखे परिच्छेद मुलांना जास्त उपयोगी पडतील. ते सीसी-शून्याखाली किंवा सीसी बाय-एसए ४.० खाली देता येतील. 'सार्वजनिक मालकीचे' एवढंच लिहून सोडू नका. आपल्या कायद्यात कलम २१ प्रमाणे हक्क सोडायचा तर निबंधकांकडे किंवा जाहीर सूचनेने सोडावा लागतो. सीसी-शून्यात हक्क सुटत नसेल तर निदान बिनशर्त परवाना दिला असं मानण्याची तरतूद आहे, म्हणून ते बरं.

आणि तुम्ही नोकरी करता का? कोड कुठे लिहिलात?

कराडकर_कळफलक

हिंजवडीला आहे. लिहिलं सगळं घरी, रात्री, स्वतःच्या लॅपटॉपवर.

काळा_कोट

कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. तुमचं काम तसं दिसत नाही. पण नेमणूकपत्र काढून वाचा. आयटीवाल्यांच्या करारांत कधी कधी 'नोकरीच्या काळात तयार केलेलं सर्व काही' अशी लांबलचक ओळ असते. तशी असेल तर एचआरकडून एक ईमेल लेखी घेऊन ठेवा. तोंडी 'हो हो, काही हरकत नाही' नको.

रूट_आजोबा

आता कोड. कराडकर, तुमच्या यादीतलं सगळ्यात किचकट हेच आहे आणि ते तुम्ही एका वाक्यात उरकलंत.

जीपीएल २ ची फाइल आणि अपाची २.० ची लायब्ररी एकाच प्रोग्राममध्ये जुळत नाहीत. अपाचीतल्या पेटंटविषयीच्या अटी जीपीएल २ ला जादा बंधन वाटतात. जीपीएल ३ ला चालतात. म्हणून त्या फाइलच्या डोक्यावर 'आवृत्ती २' च्या पुढे 'किंवा त्यानंतरची कोणतीही' असे शब्द आहेत का ते नीट वाचा. असतील तर तुमचा कोड जीपीएल ३+ करा, मिटलं. नसतील तर मूळ लेखकाला ईमेल करा. ईमेल गोल गोल नको, असं काहीतरी:

"आपल्या अमुक प्रकल्पातील जोडाक्षरं सुटी करणारी अमुक फाइल (अमुक तारखेची आवृत्ती) मी माझ्या प्रोग्राममध्ये वापरतो. तिच्यावर सध्या जीपीएल २ आहे. ती आपण 'जीपीएल २ किंवा त्यानंतरची आवृत्ती' या परवान्याखाली उपलब्ध करून द्याल का? या फाइलमध्ये आणखी कोणाचा कोड असल्यास कृपया कळवावं. आपलं उत्तर मी पॅकेजसोबत जाहीर ठेवणार आहे."

फाइलचं नाव, परवान्याचं नाव, आवृत्ती आणि 'आणखी कोणाचा कोड' या चार गोष्टी सुटता कामा नयेत. मागे एका संस्थेकडून परवानगी मागितली होती, तर 'आमच्या शुभेच्छा आपल्या पाठीशी आहेत' असं उत्तर आलं. लेटरहेडवर, शिक्क्यासकट. शुभेच्छा कॉपीराइट फाइलमध्ये कुठल्या रकान्यात लिहायच्या?

अक्षरवेडा

ती फाइल हवीच आहे का, हाही एक प्रश्न. २०२३ च्या युनिकोड (अक्षरांच्या संगणकी संकेतांचं मानक) १५.१ मध्ये देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम आला. त्याआधी 'क्ष' चे 'क्' आणि 'ष' असे दोन तुकडे पडायचे, म्हणून लोक असल्या फाइली लिहायचे. आता आयसीयू लायब्ररी हे काम करते (७४ पासून पुढची), तिचा परवानाही मोकळा. फाइल टाकून द्या आणि ईमेलही वाचवा.

एकच खबरदारी. 'ऱ्या' दोन पद्धतींनी टाइप होतं. एक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, दुसरं साध्या 'र्' नंतर जोडक (झीरो विड्थ जॉइनर) हे न दिसणारं चिन्ह घालून. दिसायला अगदी सारखं, संगणकाला वेगळं. बरोबर टाइप केलेल्या मुलाला तुमचा प्रोग्राम चूक ठरवत असणार. तपासण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणा.

कराडकर_कळफलक

अरे देवा. 'ऱ्या' चा छळ तो हा! पोरं बिचारी बरोबरच लिहीत होती.

आयसीयूवर आणलं, जुनी फाइल काढली. अपाचीची लायब्ररी राहिली, कोड जीपीएल ३+ केला. आता पुढे काय करायचं ते क्रमाने सांगाल का आजोबा?

रूट_आजोबा

आधी प्रोग्राम स्वतंत्रपणे प्रसिद्ध करा, परवान्याची फाइल, वाचा-मला आणि आवृत्तीचा टॅग यांसह. पॅकेजिंग ही त्यावरची वेगळी पायरी. तुम्हीच दोन्हीकडे असलात तरी दोन्ही एकात कालवू नका.

मग रिपोर्टबग या डेबियनच्या साधनाने 'आयटीपी' नोंदवा, म्हणजे 'मी हे पॅकेज करणार आहे' अशी जाहीर नोंद. तिला एक क्रमांक मिळतो, तो चेंजलॉगमध्ये (बदलांची नोंदवही) 'क्लोजेस' पुढे लिहायचा. पायथनचं पॅकेज असल्याने पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी रूल्स फाइल चारदोन ओळींचीच होईल, डेबहेल्पर आणि पायबिल्ड बाकीचं बघतात. स्वच्छ वातावरणात एसबिल्डने बांधा. तुमच्या मशीनवर आधीच बसलेल्या दहा गोष्टींमुळे ते तिथे चालत असतं, खरी परीक्षा रिकाम्या मशीनवर. मग लिंटियन हा पॅकेजातल्या चुका शोधणारा प्रोग्राम चालवा आणि तो जे बोलेल ते मुकाट्याने ऐका.

जास्तीत जास्त वेळ कॉपीराइट फाइलला द्या, कुठली फाइल कोणाची आणि कोणत्या परवान्याची हे तिच्यात लिहितात. तुमची साधारण अशी होईल (प्रत्यक्षात अर्थातच रोमन अक्षरांत):

फाइल्स: *
कॉपीराइट: साल, तुमचं नाव
लायसन्स: जीपीएल-३+

फाइल्स: उतारे/*
कॉपीराइट: साल, ताईंचं नाव
लायसन्स: सीसी-शून्य-१.०

फाइल्स: डेबियन/*
कॉपीराइट: साल, तुमचं नाव
लायसन्स: जीपीएल-३+

आवाज तुम्हीच टिपलेत, चित्र तुम्हीच काढलंत, म्हणून ते पहिल्या तारांकित (*) परिच्छेदात आले. हरिभाऊंच्या उताऱ्यांसाठी वेगळा परिच्छेद करा आणि लेखकाचं मृत्युवर्ष त्यातच लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला शोधत बसावं लागणार नाही. जीपीएलचा अख्खा मजकूर चिकटवायचा नाही, तो प्रत्येक डेबियनवर कॉमन-लायसन्सेस फोल्डरमध्ये असतोच. एमआयटी परवान्याचं काही घेतलंत तर मात्र शब्दन् शब्द द्यावा लागतो.

मग डेबियनच्या मेंटर्स साइटवर चढवा आणि प्रायोजक, म्हणजे तुमच्या वतीने ते डेबियनमध्ये चढवणारा माणूस, शोधा. अधिकृत डेबियन डेव्हलपरने चढवल्यावर पॅकेज 'न्यू' रांगेत जातं. तिथे तपासणारे लोक एकेक फाइल उघडून परवाना बघतात. काही दिवस लागतील, काही महिनेही लागतील. घाई करून उपयोग नाही, सगळे स्वयंसेवक आहेत. तिथून परत आलं तर बहुतेक वेळा कारण एकच असतं, एखादी फाइल कॉपीराइटमध्ये नोंदवायची राहिलेली.

रोखठोक_राव

एवढी तपासणी करूनही २०२४ मध्ये एक्सझेडमध्ये (फाइली आवळणारा प्रोग्राम) मागचं दार, म्हणजे चोरवाट, निघालंच ना? मग उपयोग काय या रांगेचा?

रूट_आजोबा

ही रांग परवाने बघते, चोर नाही पकडत. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये घातलेलं ते घातक काम सुरू करून देणारा तुकडा गिटमध्ये (कोडच्या बदलांची उघडी नोंद) नव्हताच, प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये (कोडचं एकत्र बांधलेलं गाठोडं) होता. तो सापडला तो एका माणसाला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून. डेबियनच्या स्टेबल, म्हणजे पक्क्या आवृत्तीपर्यंत तो पोचला नव्हता. त्यातून कराडकरांनी घ्यायचं एवढंच, की टारबॉल हाताने बनवू नका. गिटच्या टॅगवरून बनवा, म्हणजे कोणालाही पडताळता येईल.

कराडकर_कळफलक

आयटीपी नोंदवला. ताईने उतारे लिहायला घेतलेत, पहिलाच उतारा 'वीजबिल जास्त आल्याबाबत अर्ज' असा आहे.

शेवटचं विचारतो. 'न्यू' मधून पास झालं की आपोआप टेस्टिंगमध्ये (पुढची पक्की आवृत्ती जिथे तयार होते) जातं ना? आणि बऱ्याच क्लासांत उबुंटू आहे, त्यांचं काय?

म्युनिकची_मावशी

आपोआप नाही जात, इथे नवीन माणसं हमखास अडकतात. 'न्यू' साठी बांधलेलं बायनरीही सोबत चढवावं लागतं. पण टेस्टिंगमध्ये तेच जातं जे डेबियनच्या स्वतःच्या बिल्ड सर्व्हरवर बांधलं गेलंय. म्हणून पास झाल्यावर प्रायोजकाला सांगून फक्त सोर्सची पुन्हा एक अपलोड करायची, आवृत्तीचा शेवटचा आकडा एकने वाढवून. मोठा बग निघाला नाही तर सर्वसाधारणपणे पाच दिवसांत टेस्टिंगमध्ये.

उबुंटू डेबियनच्या अनस्टेबलमधून (नवं पॅकेज आधी जातं तो भाग) पॅकेजं ओढतं, त्यांच्या आयात बंद होण्याच्या तारखेपर्यंत. ती चुकली तर पुढच्या सहामाही आवृत्तीत. तोवर उबुंटूवाल्या क्लासांना पेन ड्राइव्ह.